कुठला दत्तोबा?

आक्कांनी डोक्यावरचा हेडफोन अर्धा सरकवून एक कान मोकळा करायचा आणि समोरच्या बोर्डावरची नजर न हलवता डावा तळहात माझ्याकडं पसरायचा. "दाव." मी लिहिलेली चिठ्ठी त्या हातावर ठेवायची. एक ओळ वाचून झाली की सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारणा व्हायची, "कान कुठं ठिवून आलीस गं?"

नोकरीच्या पहिल्या दिवशी दुपारच्या जेवणापर्यंत मी हे सात वेळा ऐकलं. नंतर मोजायचं सोडून दिलं.

गोष्ट नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची. आताच्या पोरांना ट्रंक कॉल म्हणजे काय ते समजावून सांगावं लागतं. मोठ्या गावांना तेव्हा फोन थेट लागायला लागले होते, पण कोकणातल्या नाहीतर सीमेकडच्या बारक्या गावात पोस्टात मिळून एक फोन असायचा आणि तिथून कोल्हापूरला बोलायचं तर आमच्यासारख्या बायकांच्या हातूनच जावं लागायचं. पलीकडून मागणी आली की आम्ही ती चिठ्ठीवर लिहून घ्यायची, तिला तिकीट म्हणायचं. मग कॉर्ड ओढून योग्य त्या भोकात खुपसायची की इकडचा माणूस तिकडच्या माणसाशी बोलायला मोकळा. भिंतभर बोर्ड, त्याच्यासमोर ओळीनं नऊ बायका. मी दहावी.

त्या नऊंतल्या सगळ्यांत जुन्या त्या आक्का. सुपरवायझर साहेबसुद्धा त्यांना आक्काच म्हणायचे. पन्नाशीच्या, ठेंगण्या, जाड भिंगांचा चष्मा. आवाज असा की मधे तार नसती तरी कोकणात ऐकू गेला असता. शिकाऊ मुलगी त्यांच्या शेजारी बसवायची, अशी तिथली रीत होती. म्हणून माझं सगळं तारुण्य त्यांच्या डाव्या कोपराशेजारी गेलं, असं मी म्हणते. तसं ते दोनच वर्षं होतं.

मी रुजू झाले तेव्हा बाकीच्यांनी आधी आडनाव विचारलं. आडनाव सांगितलं, वडील प्राथमिक शिक्षक, आम्ही बौद्ध, हेही सांगून झालं, आणि दोघीतिघींच्या चेहऱ्यावर तो ओळखीचा भाव आला. "हो का, बरं बरं." तुम्ही बघितला असेल तो भाव, नसेल तर तुमचं नशीब. आक्कांनी आडनाव विचारलंच नाही. त्यांनी पेठ विचारली. मंगळवार पेठ म्हटल्यावर कपाळाला हात लावला आणि साहेबांकडं वळून म्हणाल्या, "सायेब, दुसरी कुठली पेठ गावली न्हाय व्हय?"

त्या शिवाजी पेठेतल्या. बाहेरगावच्या माणसाला यात काही वाटायचं नाही, पण कोल्हापूरकराला विचारून बघा. फुटबॉलचा हंगाम सुरू झाला की या दोन पेठांतले सख्खे साडू एकमेकांच्या घरी चहा घेत नाहीत. त्या दिवसापासून माझं नाव मंगळवार पडलं. "ए मंगळवार, कॉर्ड वढ." वडिलांनी हौसेनं ठेवलेलं चांगलं चार अक्षरी नाव त्या खोलीत कोणाला माहीतच नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीत मी डबा उघडला की त्या दोघीतिघींना एकदम काहीतरी काम आठवायचं. तिसऱ्या दिवशी आक्का माझ्यासमोर येऊन बसल्या, न विचारता माझ्या कालवणात भाकरीचा तुकडा बुडवला, चावला आणि म्हणाल्या, "तुज्या आईला मीठ परवडत न्हाय काय?" मला रडू आलं. अपमान झाला म्हणून आलं की दुसऱ्या कशानं, ते त्या वयात मला कळलं नाही. मग त्या रोजच येऊन बसायला लागल्या. रोज नावं ठेवायच्या आणि रोज अर्धा डबा संपवायच्या. शेवटी आईनं मला मोठा डबा घेऊन दिला.

तुम्ही म्हणाल, बाई मनानं चांगली दिसते. थांबा जरा. नोकरी दोन वर्षं कच्ची होती आणि तीन मेमो मिळाले की सरळ घरी पाठवायचे. पहिल्या आठ महिन्यांत मला दोन मेमो मिळाले, आणि दोन्ही या बाईनं मिळवून दिले. पहिला माझ्या सभ्यपणाबद्दल. मी प्रत्येकाला "कृपया थोडा वेळ थांबावे, आपला नंबर जोडत आहे" असं पूर्ण वाक्य म्हणायचे. आक्का उठून साहेबांकडं गेल्या आणि म्हणाल्या, ही पोरगी गिऱ्हाइकाची आरती करत बसतीया आणि मागं लाइन तुंबलीया. दुसरा मेमो मी हेडफोन खुंटीला लावून पाणी प्यायला गेले म्हणून. बोर्ड कोणाच्या तरी हवाली केल्याशिवाय उठायचं नसतं. शेजारी त्याच बसल्या होत्या, माझी कॉर्ड त्यांना सांभाळता आली असती. त्यांनी ती सांभाळलीसुद्धा, आणि वर जाऊन सांगितलंही.

हे मेमो मी घरी दाखवले नाहीत. वडील निवृत्त झालेले, पाठचे दोन भाऊ शिकत होते. मला नोकरी लागली तेव्हा वडिलांनी गल्लीत पेढे वाटले होते आणि पहिल्या दिवशी मला सायकलवरून सोडायला आले होते. मी आत जाईपर्यंत ते फाटकाशी उभे होते. त्यांना काय सांगणार, दोन झाले, एक राहिला म्हणून?

आता आक्कांची ती पद्धत सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यामुळं घडलं. कॉल ऐकायचा नाही आणि चुकून ऐकला तर बाहेर बोलायचा नाही, हा तिथला पहिला नियम. भिंतीवर लाल अक्षरांत लिहिलेला होता, आणि आक्कांची खुर्ची बरोबर त्या पाटीखाली होती. पलीकडून कोणीतरी गेल्याचा निरोप आहे असं कळलं की त्या तो कॉल अडवून ठेवायच्या. घरात बाई एकटी असणार, तिनं फोन घेतला की ती जागच्या जागी पडणार, हे त्यांना अजिबात मान्य नव्हतं. त्या आधी तिथल्या तालमीत फोन लावायच्या. तालीम म्हणजे नुसता आखाडा नव्हे. गणपती, फुटबॉल, भांडण, मयत, पेठेतलं सगळं तिथूनच हलतं. आक्का त्यांना सांगायच्या, अमक्याच्या घरला जावा, एक जाणती बाई संगं घ्या, पाण्याचा तांब्या जवळ ठिवा, धा मिंटांनी मी फोन जोडतो. (आमच्याकडं बाईसुद्धा 'जोडतो'च म्हणते.) दहा मिनिटांत त्या घरात चार बायका आणि दारात वीस माणसं जमायची. मग आक्का कॉर्ड लावायच्या आणि तेवढ्या कॉलपुरता हेडफोन काढून मांडीवर ठेवायच्या. तो कॉल त्यांनी कधीही ऐकला नाही.

साहेबांना हे ठाऊक होतं. त्यांचे वडील गेले तेव्हा त्यांच्याही घरी तालीमच आधी पोचली होती, त्यामुळं ते त्या पाटीकडं बघायचं टाळायचे.

अशा निरोपासाठी आक्कांचे चार प्रश्न ठरलेले होते. नाव काय, बापाचं नाव काय, गल्ली कुठली, धंदा काय. समोरचा कितीही रडत असला तरी चारही विचारायचेच. माझ्याकडून त्यांनी ते पाढ्यासारखे पाठ करून घेतले होते.

उन्हाळ्याच्या तोंडाची एक दुपार होती. आक्कांच्या कानात बेळगावचा कॉल चालू होता, म्हणून कोकणातल्या एका पोस्टाचा कॉल मी घेतला. लाइनीत नुसती खरखर. पलीकडचा माणूस सांगत होता, सासरे गेले, लेकीकडं आले होते, सकाळी अंगणात बसल्या बसल्या गेले. दत्तोबा नाव. आडनावही सांगितलं. घर शिवाजी पेठेत, तालमीच्या मागं. एवढं बोलून तो रडायला लागला. बाप्या माणूस, आणि हुंदके देऊन रडत होता. मला त्याला बापाचं नाव आणि धंदा विचारायची लाज वाटली. आमच्या घरात रडणाऱ्याला कोणी प्रश्न विचारत नाही. मी म्हटलं, "काळजी करू नका, आम्ही कळवतो," आणि लाइन सोडून दिली. तिकिटावर नाव लिहिलं, आडनाव लिहिलं, तालमीच्या मागं असं लिहिलं, कोकणात लेकीकडं वारले हे मात्र लिहिलं नाही, आणि खाली माझा ऑपरेटर नंबर घातला.

आक्कांचा हात पुढं आला. त्यांनी एका कानानं बेळगाव ऐकत ते वाचलं, आणि त्या दिवशी नेमकं काही विचारलं नाही. सरळ तालमीत फोन लावला आणि निरोप दिला.

तालमीमागच्या बोळात एकाच भावकीतले दोन दत्तोबा राहत होते. एक म्हशी पाळणारे, ते आठ दिवसांपूर्वी लेकीकडं कोकणात गेलेले. दुसरे शिंपी, ते त्या दुपारी बटणं आणायला महाद्वार रोडला गेलेले. शिंप्यांच्या छातीत मागच्या वर्षी कळ येऊन गेली होती, आणि म्हशीवाल्यांना कधी मरण येईल असं पेठेत कोणालाच वाटत नव्हतं. त्यामुळं तालमीनं कुठला दत्तोबा हे विचारायचे कष्ट घेतले नाहीत.

पुढचं मी डोळ्यांनी बघितलेलं नाही. तीस माणसांनी तीस तऱ्हांनी सांगितलं, त्यात जे जुळतं ते सांगते. तालीम एकदा कामाला लागली की लागली. अर्ध्या तासात बांबू आले, मडकं आलं, चौकातल्या फळ्यावर खडूनं 'दुःखद निधन' लिहून झालं. शिंप्यांच्या बायकोला चार बायकांनी धरून बसवलं आणि सांगितलं. ती बिचारी कोसळली, कांदा फोडून नाकाला लावावा लागला. इचलकरंजीच्या लेकीला निरोप गेला, ती रडत घरातून निघालीसुद्धा. आणि बटणांची पुडी घेऊन दत्तोबा शिंपी सायकलवरून बोळाच्या तोंडाशी आले.

आपल्या घरापुढं गर्दी, पण त्यांना वाटलं शेजारी कोणीतरी गेलं. सायकल भिंतीला लावली. डोक्यावरची टोपी काढून खिशात घातली. एकजण पाठमोरा बसून तिरडीची सुतळी आवळत होता, त्याला हळू आवाजात विचारलं, "कोण गेलं?"

त्यानं मान वर केली नाही. म्हणाला, "दत्तू शिंपी. जरा ह्यो बांबू धरा."

आणि दत्तोबांनी बांबू धरला.

किती वेळ धरला यावर पेठेत अजून एकमत नाही. एक गाठ बसेपर्यंत म्हणतात, कोणी दोन म्हणतात. मग त्यांनी विचारलं म्हणे, "कुठला दत्तू शिंपी?" त्यावर सुतळीवाल्यानं वर बघितलं आणि तो स्वतःच मागं कलंडला. खरा दत्तोबा कोण ते कळल्यावर माणसांनी तीच तिरडी उचलून तीन घरं पलीकडं नेली आणि कोकणातून गाडी यायची वाट बघत बसले.

शिंपी स्वतः पोट धरून हसले. त्यांची बायको चार दिवस दवाखान्यात होती, ती हसली नाही. शिंप्यांचा इचलकरंजीचा जावई कोर्टात कारकून होता, त्यानं तीन पानी तक्रार वर पाठवली. पंधरा दिवसांनी पुण्याहून चौकशीला साहेब येणार, असं आम्हाला कळलं.

माझं जेवण तुटलं. तिकीट माझ्या अक्षरातलं, नंबर माझा, पाठीवर दोन मेमो. तिसरा आला की फाटकाशी उभ्या राहिलेल्या माणसाला तोंड दाखवायचं होतं. ज्या बायकांना माझ्या डब्याचं वावडं होतं, त्यातलीच एक अचानक माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, तू नुसतं तिकीट लिहिलंस, निरोप फोडला तो तिनं. नियम तिनं मोडलाय. तसं लिहून दे, सुटशील. तिचं म्हणणं कायद्याला धरून होतं. खोटं कशाला सांगू, मला ते पटलं. आक्कांनी माझे दोन मेमो करताना मागंपुढं बघितलं नव्हतं, मग मी का बघू? मी तसा कागद लिहिला, सही केली आणि पर्समध्ये ठेवला.

चौकशीच्या सकाळी आक्का बायकांच्या खोलीत नळाखाली चष्मा धूत होत्या. मी आत गेले. त्या माझ्याकडं न बघताच बोलायला लागल्या.

"तिकीट मी नवीन लिवलंय. माज्या नंबरचं. तुजं फाडून टाकलंय. आत तू तोंड उघडायचं न्हाय."

मी म्हटलं, "आक्का, चूक माझी आहे."

"मग, मला काय दिसत न्हाय व्हय? चूक तुजीच हाय. पर तुजे दोन मेमो झाल्यात, माजा तीस वर्सांत एक न्हाय. तू गेलीस की नवी येणार. तिला मी परत पहिल्यापास्नं शिकवत बसू? माज्यात आता दम ऱ्हायला न्हाय." चष्मा पदराला पुसून त्यांनी डोळ्यांवर चढवला आणि मग माझ्याकडं बघितलं. "डोळं पूस. सायेब पुण्याचा हाय. बाई रडाय लागली की त्याला संशय येतोय."

पुण्याच्या साहेबांनी ते तिकीट उजेडात धरून वाचलं. एवढा अनुभव असून बापाचं नाव का विचारलं नाही, असं त्यांनी आक्कांना विचारलं. आक्का म्हणाल्या, "कान घरात ठिवून आलतो, सायेब." त्यांना तो उर्मटपणा वाटला आणि तसं त्यांनी लिहून घेतलं. मग माझ्याकडं वळले. तुम्ही शेजारी होता, तुम्हाला काही सांगायचंय? पर्स माझ्या मांडीवर होती. मी म्हटलं, "नाही."

तो कागद मी बाहेर काढला नाही, याचं मला पुष्कळ दिवस कौतुक वाटत होतं. त्यात कौतुक करण्यासारखं काही नव्हतं, हे फार उशिरा कळलं. मी खरंही सांगितलं नाही. गप्प बसले आणि नोकरी वाचवली.

आक्कांना बोर्डावरून काढून खालच्या मजल्यावर टपालात बसवलं. दिवसभर पाकिटांना डिंक लावायचा. ज्या बाईच्या कानात बेळगाव आणि तोंडात कोकण असायचं, तिच्यासमोर डिंकाची बाटली. मी आभार मानायला गेले तर म्हणाल्या, वर बोर्ड कुणाच्या हवाली करून आलीस? मी आल्या पावली परत गेले.

पुढं मी कायम झाले. निरोपाचे कॉल आता माझ्याकडं यायचे, आणि मीही तालमींना आधी फोन लावायला लागले. त्या पाटीखालीच बसून. रडणाऱ्या माणसाला बापाचं नाव विचारायला मी शिकले. विचारलं की तो रडं थांबवून सांगतो, त्याला तेवढं करायला मिळालं की जरा धीर येतो, हेही तेव्हाच समजलं. आक्का टपाल द्यायच्या निमित्तानं वर यायच्या, माझ्या मागं उभ्या राहायच्या आणि हात पुढं करायच्या. मी तिकीट द्यायचे. त्या वाचून परत द्यायच्या आणि जिना उतरून जायच्या. काही बोलायच्या नाहीत, म्हणजे बरोबर असायचं.

मग गावोगाव थेट फोन पोचले, बोर्ड बंद झाला, आक्काही निवृत्त झाल्या. दोन हजारनंतर कधीतरी मी त्यांच्या घरी गेले. मुलगा, सून, कॉलेजात जाणारी नात. चहा आला आणि मुलानं तो किस्सा काढला. पाहुणं आलं की निघतोच म्हणे. आमच्या आईनं जित्या माणसाला त्याचीच तिरडी धरायला लावली. सून सांगत होती, अजून भाजी आणायला गेल्या की कोपऱ्यावरची माणसं विचारतात, "आक्का, आज कोण गेलं?" सगळे हसत होते. आक्का बशीतला चहा फुंकत होत्या.

मी मोजलं तर पंधरा वर्षं झाली होती. तीस वर्षांत एकही चूक न केलेली बाई पंधरा वर्षं भाजीवाल्यांचं ऐकून घेत होती. मला बसवेना. मी कप खाली ठेवला आणि सगळ्यांना सांगितलं की ते तिकीट मी लिहिलं होतं. चूक माझी होती, यांनी माझी नोकरी वाचवली.

मुलगा आईकडं बघायला लागला.

आक्कांनी बशी खाली ठेवली. "खोटं बोलती ती," त्या शांतपणे म्हणाल्या. "मंगळवार पेठंची हाय. आमच्या पेठंतलं कायबी दिसलं की आपलं म्हणायची सवय हाय त्यास्नी."

घर पुन्हा हसायला लागलं. मी परत बोलायला तोंड उघडलं, तर त्यांनी भिंगांमागून असं बघितलं की मी चहा पिऊन टाकला.

दोन वर्षांनी त्या गेल्या. दहाव्याला मी गेले. मांडवात मुलगा आलेल्यांना तोच किस्सा सांगत होता, बांबूपर्यंत पोचला होता, आणि माणसं डोळे पुसत हसत होती. मी पुढं होऊन म्हटलं, भाऊ, एवढं तरी नीट सांगा, ते तिकीट माझं होतं.

त्यानं माझा हात धरून मला खुर्चीवर बसवलं. म्हणाला, "आई सांगून गेलीया, तुमी असं म्हणणार म्हणून."